फोटोतली मुलगी येऊन राहिली

जाहिरात चार ओळींची होती, पण ती वाचता वाचता गोपिकाबाई पोह्यांत मीठ घालायचं विसरल्या. मधुकररावांनी अळणी पोहे मुकाट्यानं खाल्ले. वीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं नक्की कळलं होतं, की बायको पेपर वाचता वाचता खुर्चीवरून उठून उभी राहिली तर तिला मीठ मागायचं नसतं.

मुंबईची कुणी मंडळी नागपुरात येऊन टीव्हीसाठी तेरा भागांची मालिका करणार होती. गोष्ट भिवापूरच्या मिरचीबाजारातली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'नायिका पाहिजे. वय चाळीस ते पंचेचाळीस. वऱ्हाडी बोली अस्खलित हवी. दोन फोटो आणि वयाचा दाखला जोडावा.'

"काहून उभी झाली वं?" मधुकररावांनी शेवटी विचारलंच.

"नायिका पाहिजे म्हणते. चाळीस ते पंचेचाळीस."

"छपाईची चूक असन. चवदा ते पंचवीस असन."

गोपिकाबाईंनी पेपरची घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवली. त्यांचं वय चव्वेचाळीस, माहेर भिवापूर, आणि बोली तर कचेरीत साहेबासमोरही सुटत नव्हती. म्हणजे जाहिरात देणाऱ्यानं त्यांचं नाव तेवढं लिहायचं ठेवलं होतं.

आता इथं मागची एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर ही बाई एवढी का हलली ते कळायचं नाही. गोपिकाबाई उंच आणि आवाज भारदस्त. बाविसाव्या वर्षी त्या नागपुरातल्या एका हौशी नाट्यमंडळात गेल्या, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणालं, आई मिळाली. झालं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी चौदा नाटकं केली. त्यांपैकी अकरांत त्या आई होत्या, दोहोंत आजी, आणि एकात कोर्टातली साक्षीदार. मधुकरराव त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, पण एका नाटकात ते त्यांचा मुलगा होते. ज्याची आई झाल्या त्याच्याशीच पुढे त्यांनी लग्न केलं, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीपेक्षा या विनोदाचाच आग्रह जास्त झाला. गोपिकाबाई तेव्हा हसल्या. मनाशी मात्र त्या म्हणत, थांबू. आज ना उद्या चाळिशी येईल. तेव्हा आपलं वय आणि आपली भूमिका एका ठिकाणी येतील, आणि कुणी तरी आपल्यासाठी म्हणून एक बाई लिहील. हनुमाननगरातल्या बाकीच्या बायका चाळिशीला घाबरत होत्या, या तिची वाट पाहत होत्या. चाळिशी आली तोवर मंडळ बंद पडलं होतं.

म्हणून ही जाहिरात.

पेपर साड्यांखाली ठेवला तरी बातमी साड्यांखाली राहत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या सिंधूताई हजर झाल्या. गल्लीतला पहिला टीव्ही सिंधूताईंकडे आला होता, त्यामुळे टीव्हीसंबंधी अखेरचा शब्द त्यांचा, असा हनुमाननगरात नियमच झाला होता.

"हे पाय गोपिका," त्या म्हणाल्या, "टीव्हीत माणूस दहा वर्सांनं मोठा दिसते. माह्या घरी मी रोज पाहतो ना. आता त्याहिले चाळीसची पाहिजे. तू चव्वेचाळीसची गेली, तर टीव्हीत चौपन्नची दिसशीन. फोटो तिशीतला पाठव."

"तिशीतला फोटो नाही माझ्याजवळ. सगळे पांढऱ्या केसांचे आहेत."

"मंग नत्थूजीकडे जा. ते काढून देतीन तिशीतला."

महाल भागातल्या नत्थूजींच्या स्टुडिओची ख्याती लग्नाच्या फोटोंसाठी होती. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं ते असं काही काम करत की वर्ण उजळे, नाक सरळ होई आणि देवीचे व्रण नाहीसे होत. त्यांच्या फोटोंवर शेदोनशे लग्नं जमली होती. पुढं त्या लग्नांचं काय झालं हा नत्थूजींचा विषय नव्हता.

"फोटो लग्नासाठीच ना?" नत्थूजींनी विचारलं. "मुलगी कुठी आहे?"

"मुलगी नाही. माझाच काढाचा आहे."

नत्थूजींनी एकदा गोपिकाबाईंकडे आणि एकदा बाहेर स्कूटरला टेकून उभ्या असलेल्या मधुकररावांकडे पाहिलं, आणि धंद्यातल्या माणसानं फार चौकशी करू नये म्हणून कॅमेऱ्याची काच पुसू लागले. टीव्हीचं सांगितल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. मग मात्र त्यांनी कलेत काही राखून ठेवलं नाही. डोळ्यांखालचं काढलं, हनुवटीखालचं काढलं, कपाळ गुळगुळीत केलं, आणि पेन्सिल हातात होतीच म्हणून मान थोडी लांबवली.

फोटो आला तेव्हा मधुकरराव म्हणाले, "ही कोण?"

"मी."

"बरी आहे," ते म्हणाले आणि फोटोकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. गोपिकाबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

पण दुपारी घरी कुणी नसताना त्यांनीही तो फोटो समोर ठेवून पाहिला. पंचविशीतली, लांब मानेची, कुणाचीच आई नसलेली मुलगी. पंचविशीत आपण अशा दिसत असू, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. तेव्हा पाहणार कोण, केसांना पांढरी पावडर आणि गालांवर काळ्या रेघा असायच्या. त्यांना त्या मुलीची फार आठवण आली. जिला कधी भेटलो नाही तिची आठवण येते, हे कुणाला सांगायची सोय नसते. त्यांनी डोळे पुसले आणि फोटो पाकिटात घातला.

राहिला वयाचा दाखला. इथं त्यांच्या हातांनी घोळ केला होता. अक्षरशः हातांनी. जुन्या काळी भिवापुरात पोराची जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. गुरुजी पोराला म्हणत, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाती आला की पोरगं सहा वर्षांचं झालं, घ्या शाळेत. गोपिकाबाई तेव्हा साडेचार वर्षांच्या. थोरल्या बहिणीला पोचवायला म्हणून गेल्या होत्या. बहीण कान धरते म्हणून यांनीही धरला, आणि हात लांब असल्यानं तो बरोबर पोचला. गुरुजींनी दोघींनाही सहा वर्षांच्या करून टाकलं. तेव्हापासून कागदावरची गोपिका खऱ्या गोपिकेहून दीड वर्षानं मोठी होती. आजवर त्याचं काही अडलं नव्हतं. आता दाखल्याप्रमाणे त्यांना पंचेचाळीस पूर्ण होऊन आठ महिने झाले होते, आणि जाहिरात पंचेचाळीसला संपत होती.

थोडक्यात, गोपिकाबाई फोटोत पंचवीस, दाखल्यात पावणेसेहेचाळीस आणि घरात चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. माणूस सरळमार्गी असूनही असं होतं.

त्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होत्या. टीव्हीत काम करायचं तर कचेरीचं ना-हरकत पत्र लागणार, तर त्याच अर्जात जन्मतारखेची दुरुस्तीही मागून घ्यावी, असा सुज्ञ विचार त्यांनी केला. अर्ज बडेबाबू रुपरावांकडे गेला. रुपराव हा चष्म्याच्या वरून वाचणारा माणूस. त्यांनी ना-हरकतीचा परिच्छेद सोडला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं.

"दीड वर्स कमी करून मागता, म्हणजे तुम्ही दीड वर्स उशिरा रिटायर होणार."

"मले टीव्हीसाठी पाहिजे जी. रिटायरचं माझ्या मनातही नाही."

"सगळे असंच म्हणतेत. तुमच्या मागं ज्याहिचा नंबर आहे त्याहिनं काय करावं?"

दुपारच्या चहापर्यंत मागं नंबर असलेल्या तिघांनी संयुक्त हरकत नोंदवली. चौथ्या दिवशी गोपिकाबाईंच्या टेबलावर, त्यांच्याच आवक रजिस्टरात त्यांनीच नोंद करून घ्यायचा, एक लेखी मेमो आला. 'शाळाप्रवेशाचे वेळी आपला हात कानास कसा पोचला, याबाबत सात दिवसांत खुलासा करावा.' खुलाशाची शहानिशा व्हावी म्हणून कचेरीतल्या सगळ्यांनी डोक्यावरून हात नेऊन कान धरून पाहिले. खुद्द रुपरावांचा हात पोचेना. म्हणजे या नियमानं छप्पन्न वर्षांचे रुपराव अजून शाळेत जायला लहान होते. पण हे त्यांना सांगणार कोण.

गुरुजींचं पत्र आणलं तर मिटेल, असं मधुकररावांना वाटलं. रविवारी गोपिकाबाई एस. टी.नं भिवापूरला गेल्या. शालिकराम गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे, अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्यांवरच्या चिमण्या हाकलत बसले होते. त्यांनी गोपिकाबाईंना लगेच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं, हातही हातात घेऊन पाहिला.

"गोपिका, चूक कशी झाली असन?" ते म्हणाले. "तू तर लहानपणापासूनच मोठी होती."

पत्र त्यांनी दिलं नाही. मिरच्या मात्र दिल्या, दोन किलो.

परतीच्या वाटेवर मांडीवर मिरच्यांची पिशवी घेऊन गोपिकाबाई खिडकीशी बसल्या होत्या, आणि त्यांना पहिल्यांदा राग आला. कुणाचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीची मागणी परत घेतली, 'माझे वय दप्तरी आहे तेच बरोबर आहे' असं लिहून दिलं, आणि तासाभरात ना-हरकत पत्र हातात पडलं. पावणेसेहेचाळीसचा दाखला, पंचविशीचा फोटो, दोन्ही एकाच पाकिटात घालून त्यांनी पाठवून दिलं. दाखला कुणी वाचू नये अशी त्यांनी देवाला गळ घातली.

देवानं ऐकलं. दाखला कुणीच वाचला नाही. बारा दिवसांनी पत्र आलं, 'आपला फोटो पसंत आहे. चाचणीसाठी सोमवारी दहा वाजता यावे.'

सिंधूताईंनी गांधीबागेच्या कापडबाजारातून मोतिया रंगाची साडी आणायला लावली, मुलतानी माती दिली, आणि 'चालताना चप्पल वाजवू नको' असं बजावलं. बर्डीवरच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर चाचणी होती. व्हरांड्यात बाकांवर आठ-दहा मुली बसल्या होत्या. बाविशीच्या, तेविशीच्या. चाळिशीच्या भूमिकेला यांची काय गरज, असं गोपिकाबाईंना वाटलं, मग त्यांनीच उत्तर काढलं, की मालिकेत मुलीबाळीही असतीलच. तेवढ्यात एक गृहस्थ हातात फोटोंचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. वरचा फोटो नत्थूजींचा होता.

"या बाईंबरोबर कोण आलंय?"

गोपिकाबाई उठल्या. "मी."

"बरं झालं. दिग्दर्शकांना फार आवडलाय हा फोटो. मुलगी कुठाय?"

उत्तर सोपं होतं. मीच, असं दोन अक्षरांत सांगता आलं असतं. पण दहा मुलींचे वीस डोळे लागले होते, आणि गोपिकाबाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

"येऊन राहिली."

म्हणजे येते आहे, असं समजून गृहस्थ आत गेले. पाऊण तासानं पुन्हा आले. "आली का?"

"मेडिकल चौकात आली असन."

पुन्हा अर्ध्या तासानं. "अजून नाही?"

"कॉटन मार्केटपर्यंत आली असन आता."

त्या बाकावर बसून गोपिकाबाई खरोखरच त्या मुलीची वाट पाहू लागल्या. कुणी म्हणेल वेडेपणा. पण जिन्यावर पावलं वाजली की त्या मान वळवत, आणि ती लांब मानेची पोर वर येईल, मी आली काकू, असं म्हणेल, असं त्यांना खरंच वाटे. आली असती तर तिला आत पाठवून त्या सुखानं घरी गेल्या असत्या. लोखंडी पूल झाला, बर्डी आली. आणखी पुढं आणायला रस्ता उरला नाही.

"आली," त्या म्हणाल्या. "मीच आहो."

दिग्दर्शक तसा सज्जन माणूस. तो हसला नाही, इतर हसले. त्यानं फोटो पाहिला, गोपिकाबाई पाहिल्या आणि खुर्ची दिली.

"ताई, तुम्ही चाळिशीच्या आहात ते दिसतंय."

"जाहिरातीत चाळीसच म्हटलं होतं ना जी."

"हो, पण प्रेक्षकाला ती चाळीसची दिसायला हवी, असायला नको. तेरा भाग लोकांनी त्या चेहऱ्याकडे बघायचंय. तरुण मुलगी घेतो आणि तिला वाढवतो."

"मले वाढवा लागणार नाही."

"तेच तर," दिग्दर्शक म्हणाला. मग एकदम आठवल्यासारखा पुढं झुकला. "नायकाच्या आईचं काम रिकामं आहे. तुमची उंची छान आहे."

"नायक कोण आहे?"

"वामनराव. पुण्याचे. बावन्न वर्षांचे आहेत, पण काय दिसतात. मालिकेत पंचेचाळीसचे."

वामनराव कोपऱ्यात चहा पीत होते. केस काळेभोर, कलप ताजा. त्यांच्याकडे वयाचा दाखला मागितल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं. गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहून नमस्कार केला आणि दिग्दर्शकाला म्हणाल्या, "बाविसाव्या वर्षापासून मी आईच आहो, साहेब. या पदाचा आज राजीनामा देते."

त्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. तिथं त्यांना ते फोटोवाले गृहस्थ धावत येऊन भेटले. नायिका म्हणून पुण्याची नीला ठरली होती, वय तेवीस. तिला वऱ्हाडी येत नव्हती, मिरची निवडता येत नव्हती, आणि चाळिशीची बाई कशी चालते ते माहीत नव्हतं. ताई शिकवतील का? संहितेची प्रत घरी मिळेल.

स्वाभिमानी बाईनं नाही म्हणायला हवं होतं. गोपिकाबाई स्वाभिमानी होत्याच, पण तेरा भागांची जाड फाइल त्यांच्यासमोर धरलेली होती. जी बाई आपल्यासाठी लिहिली जाईल म्हणून वीस वर्षं वाट पाहिली, ती त्या फाइलीत होती. तिला एकदा वाचायचं तरी. त्यांनी फाइल घेतली, आणि चार दिवसांत नायिकेची सगळी वाक्यं पाठ झाली. पाठ करायची म्हणून नव्हे, ती आपोआप झाली.

त्या नायिकेचं नाव पंचफुला. नवरा ऐन तारुण्यात तिला टाकून निघून गेलेला, तिनं मिरचीच्या दुकानावर सासू सांभाळली, पोरं मोठी केली. आणि नवव्या भागात नवरा भिवापूरच्या बाजारात येतो, तिच्याच दुकानापुढं उभा राहून पावशेर मिरची मागतो, आणि तिला ओळखत नाही.

नीला रोज संध्याकाळी हनुमाननगरात येऊ लागली. पोर गोड होती, काकू काकू करत स्वयंपाकघरात फतकल मारून बसायची. गुरुजींच्या मिरच्या तिला निवडायला दिल्या तर शिंकून शिंकून बेजार झाली. 'मला' म्हटलं की गोपिकाबाई म्हणत 'मले', 'का' म्हटलं की 'काहून'. भाषा आठवड्यात बरीच जमली. उठणं जमेना. चाळीसची बाई म्हणून नीला कमरेवर हात ठेवून कण्हत उठायची.

"तशी नाही उठत वं, बाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "आधी कोणी पाहून तर नाही राहिलं, हे पाहाचं. मंग गुडघ्यावर हात ठेवाचा. अन् उठल्यावर पदर सारखा कराचा, हात त्याच्यासाठीच गेला होता असं."

नीला त्यांच्याकडे पाहतच राहिली. "काकू, हे काम तुम्ही का नाही करत?"

"मी आठ महिन्यांनी जास्त झाली," गोपिकाबाई म्हणाल्या. ते खरं कारण नव्हतं, पण तोंडावर सांगण्यासारखं तेवढंच होतं.

शूटिंग गांधीबागेतल्या एका कापडाच्या गोदामात सुरू झालं. नीलाला सांभाळायला गोपिकाबाई कचेरीतून रजा काढून गेल्या. बाजार उभा केला होता, पोत्यांतून खऱ्या भिवापुरी मिरच्या होत्या. पहिल्या दिवशी कॅमेरामन शिंकला, दिवेवाले शिंकले, वामनरावांची मिशी सुटली. दुसऱ्या दिवशी पोत्यांवरून सगळ्या मिरच्या उचलून लाल कागदाच्या गुंडाळ्या पसरल्या. रंगभूषावाल्यानं गोपिकाबाईंना आरशाशेजारी बसवलं आणि त्यांच्याकडे पाहून पाहून नीलाच्या चेहऱ्यावर रेघा काढल्या. "ताई, जरा हसा. हां, डोळ्याच्या कडेची ती पाहिजे." गोपिकाबाई हसल्या. इतक्या बारकाईनं त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी बघून फार वर्षं झाली होती, म्हणून त्यांनी मान मुळीच हलू दिली नाही.

एवढं करूनही नीला तेवीसचीच दिसत होती. तिला पाहून न ओळखणारा नवरा सरकारी दवाखान्यात डोळे दाखवण्याच्या लायकीचा होता. पण नवव्या भागातल्या त्या भेटीचे तिच्यावरचे तुकडे आधी चित्रित करून झाले. मग नवऱ्याचे घ्यायचे. कॅमेरा फिरवून वामनरावांच्या तोंडासमोर आणला. नीलाच्या रेघा उकाड्यानं गालावर ओघळल्या होत्या, ती पुन्हा रंगायला गेली.

"वामनरावांना बघायला कुणीतरी लागेल," दिग्दर्शक म्हणाला. "ताई, तुम्हाला वाक्यं येतात ना? कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहा आणि नुसतं म्हणा. तुम्ही दिसणार नाही, आवाजही घ्यायचा नाही. त्यांच्या सोयीसाठी."

गोपिकाबाई जाऊन उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याचं तोंड वामनरावांकडे, सगळ्यांच्या नजरा वामनरावांवर, दिवेही त्यांच्यावर. गोपिकाबाईंच्या अंगावर कचेरीतली निळी साडी होती आणि खांद्याला पर्स होती. ती काढून ठेवायचंही कुणी सुचवलं नाही.

"पावशेर मिरची द्या," वामनराव म्हणाले.

मग गोपिकाबाईंनी पंचफुला केली. नुसती म्हटली नाही, केली. आधी तागडी उचलायला हात गेला, आणि तागडी तिथं नव्हतीच तरी ती जड लागली. "भिवापुरी देऊ का साधी?" असं गिऱ्हाइकाला विचारतात तसंच विचारलं. मग आवाज ओळखला. मग त्या हळूच म्हणाल्या, "नीट पाहा ना जी. मीच आहो. कुठी नाही गेली मी. इथीच होती. तुमचीच वाट पाहून राहिली होती." संहितेत एवढंच होतं. पण ही पोटातून आलेली गोष्ट होती, वीस वर्षांची, आणि ती नवऱ्यासाठी नव्हतीच. कुणासाठी होती ते वामनरावांना कळलं की नाही कोण जाणे. पण ते गोपिकाबाईंकडे पाहत राहिले, त्यांचे ओठ हलले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरच्या आधीच काढल्या होत्या, तेव्हा हे पाणी मिरचीचं म्हणता येत नव्हतं.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. गोदामात टाळ्या वाजल्या. "वामनराव, काय दिलंत. बस, हेच पाहिजे होतं." सगळे त्यांच्याभोवती जमले, कुणी पंखा आणला, कुणी पाणी. गर्दीच्या मधून वामनराव गोपिकाबाईंकडे बोट करून काही तरी सांगू पाहत होते. ते कुणी ऐकलं नाही. दिग्दर्शक मात्र जाता जाता म्हणाला, "थँक्यू ताई. उद्या नाही आलात तरी चालेल."

मधुकरराव त्यांना न्यायला सहाला आले होते आणि सगळ्यांच्या मागं, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून उभे होते. त्यांनी स्कूटरवरून बायकोला घरी आणलं. गोपिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी कुकर काढला.

"मले तुझी पाठच दिसली," मधुकरराव दारातून म्हणाले. "तो माणूस काहून रडला ते समजलं नाही. मले करून दाखव."

"आता? भात लावाचा आहे."

"भात मागून लाव."

त्यांनी पाट आणून मांडला, बायकोला त्याच्यावर बसवलं आणि स्वतः ओट्यापाशी गिऱ्हाईक होऊन उभे राहिले. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. गोपिकाबाईंना क्षणभर फार लाज वाटली, आणि मग वाटली नाही.

"पावशेर मिरची द्या," मधुकरराव म्हणाले.

त्यांनी तागडी उचलली. भिवापुरी विचारली, आवाज ओळखला. पदर सारखा करून वर पाहिलं.

"नीट पाहा ना जी," त्या म्हणाल्या. "मीच आहो."

इथं गिऱ्हाइकानं काही बोलायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. पण मधुकररावांना ते माहीत नव्हतं.

"पाहून राहिलो ना," ते म्हणाले.

हे वाक्य फाइलीत नव्हतं. गोपिकाबाईंनी ते राहू दिलं आणि पुढचं वाक्य घेतलं.